एकाच डब्यात दोन घरांचं पीठ

माझं काम बाहेरच्या माणसाला सांगायला तसं सोपं आहे. एका ग्राहकाचे जुने कागद स्कॅन होऊन आमच्या अंधेरी पूर्वेच्या ऑफिसकडे येतात आणि आम्ही ते सांभाळतो. सांभाळणं म्हणजे रोज रात्री प्रत्येक फाइल पुन्हा पूर्ण वाचायची, तिचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढायचा आणि फाइल आली त्या दिवशी नोंदवलेल्या चेकसमशी ताडून पाहायचा. जुळला तर कागद शाबूत. नाही जुळला तर सकाळी कोणाला तरी फोन जातो, आणि ती कोणीतरी बहुतेक वेळा मीच असते.

मागच्या पावसाळ्यात फायलींचा आकडा ४० लाखांवर गेला. सरासरी फाइल ६० केबीची, म्हणजे सगळं मिळून २४० जीबी. आजच्या काळात यात डोळे फिरण्यासारखं काही नाही. पण रात्री १ वाजता सुरू होणारी तपासणी पावणेचारपर्यंत लांबायला लागली होती, आणि ४ वाजता त्याच डिस्कवर बॅकअप सुरू होतो. दर महिन्याला फायली वाढतच होत्या. दोघांची गाठ पडणार हे दिसत होतं, फक्त तारीख ठरायची बाकी होती.

प्रोग्राम माझाच, काही वर्षांपूर्वी सी मध्ये लिहिलेला. अगदी सरळमार्गी. फाइल उघड, आकार विचार, वाच, अजून काही उरलंय का म्हणून पुन्हा वाच, बंद कर. पुढची फाइल. एका फाइलमागे ५ सिस्टम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, कर्नलला, केलेल्या ५ विनंत्या. ४० लाख गुणिले ५ म्हणजे २ कोटी. हा आकडा मी मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिला आणि सांगितलं की चोर सापडला. २ कोटी वेळा कर्नलच्या दारात जायचं आणि परत यायचं, वर २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी निघाल्यापासून ते दार ओलांडणं आणखी महाग झालेलं. विनंत्यांचे गठ्ठे करू या, एका फेरीत ६४ नेऊ या, काम झालं.

माझ्या वरच्या मॅडमनी मान डोलावली. मलाही इतकं पटलं होतं की गुणाकार पुढे न्यायचं सुचलं नाही. तो तीन आठवड्यांनी केला. एका सिस्टम कॉलच्या जाण्यायेण्याला अर्धा मायक्रोसेकंद धरा, हिशेब सढळ हाताने करू. २ कोटींचे झाले १० सेकंद. तपासणीला लागत होते जवळजवळ १०,००० सेकंद. म्हणजे ज्याला मी चोर म्हणून पकडलं होतं त्याच्या खिशात दहा रुपये होते आणि घरातून दहा हजार गेले होते.

पण ते नंतर. आधी मी उत्साहाने आयओ-यूरिंगच्या, म्हणजे कर्नलला विनंत्या गठ्ठ्याने देण्याच्या सोयीच्या, मागे लागले.

हे प्रकरण लिनक्समध्ये २०१९ साली ५.१ या आवृत्तीत आलं. करणारा येन्स ॲक्सबो, लिनक्सच्या डिस्कच्या बाजूचा जुनाजाणता माणूस. त्याआधीही एकदम अनेक विनंत्या द्यायची सोय होती, आयओ-सबमिट नावाची. पण फाइल ओ-डायरेक्टने, म्हणजे कर्नलची कॅश (वाचलेलं मेमरीत धरून ठेवण्याची जागा) टाळून उघडली, तरच ती खऱ्या अर्थाने असिंक्रोनस. नाहीतर विनंती टाकून पुढे जाऊ म्हणावं, तर तिथेच अडकवून ठेवायची. आमच्याकडच्या ज्युनिअर मुलाने विचारलं, “ताई, ईपोल लावलं तर?” प्रश्न चुकीचा नव्हता, नेटवर्कचं काम करणारा कोणीही तेच विचारेल. पण ईपोल सांगतं की सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, काही आलंय का. डिस्कवरची साधी फाइल त्याच्या हिशेबी कायम ‘तयार’च असते. ईपोलला तशी फाइल द्यायला गेलं तर ते घेतसुद्धा नाही, एरर देतं.

आयओ-यूरिंग कसं चालतं हे त्याला समजावताना माझ्या तोंडून चक्की निघाली, आणि मग ऑफिसात सगळे तेच बोलायला लागले, म्हणून इथेही तसंच सांगते. आम्ही भांडुप पश्चिमेला कोकणनगरात राहतो. खाली चक्की आहे. लहानपणापासून दळण नेण्याचं काम माझं. डब्यात गहू, वर चिठ्ठी: नाव, खोली नंबर, बारीक की जाड. डबा ओळीत ठेवायचा आणि निघून यायचं. दळून झालेले डबे दुसऱ्या बाजूच्या फळीवर. दळण कोणत्या क्रमाने होईल याची हमी नाही. ज्वारीवाले, बाजरीवाले एकत्र घेतले जातात, गव्हाचं जातं वेगळं. तुम्ही फळीवरच्या चिठ्ठ्या वाचता आणि आपला डबा उचलता. तुमचं नाव काय आहे याच्याशी चक्कीवाल्याला देणंघेणं नसतं. चिठ्ठी जशी गेली तशी परत येते एवढंच.

आयओ-यूरिंगमध्ये अशाच दोन फळ्या आहेत, दोन्ही गोल, आणि दोन्ही तुमच्या प्रोग्रामच्या आणि कर्नलच्या सामाईक मेमरीत. एकीवर विनंत्या ठेवायच्या, ती सबमिशन क्यू. दुसरीवर निकाल येतात, ती कम्प्लिशन क्यू. विनंतीची नोंद ६४ बाइटची, निकालाची १६ बाइटची. निकालाची फळी सहसा विनंत्यांच्या फळीच्या दुप्पट लांब. चिठ्ठीच्या जागी ‘यूजर डेटा’ नावाचा ६४ बिटांचा एक आकडा असतो. तुम्ही त्यात काहीही लिहा, कर्नल तो न वाचता निकालासोबत परत करतं. ५० विनंत्या फळीवर मांडा आणि एकच सिस्टम कॉल करून सांगा की मांडून झालंय. गठ्ठा म्हणतात तो हाच.

पहिली आवृत्ती मी चार दिवसांत लिहिली. ६४ फायली घे, ६४ ‘उघड’ विनंत्या मांड, सगळ्यांचे निकाल येईपर्यंत थांब. मग ६४ ‘वाच’, पुन्हा थांब. मग ६४ चेकसम काढ, बंद कर, पुढचे ६४. पावणेतीन तासांचं काम ४१ मिनिटांत झालं. त्या सकाळी ऑफिसात मी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना कटिंग पाजला.

दुपारी मॅडम माझ्या मागे उभ्या राहून डिस्कचं काम आकड्यांत दाखवणाऱ्या आयओस्टॅटचा आउटपुट बघत होत्या. आयओस्टॅटमध्ये एक रकाना असतो, डिस्कपुढची रांग सरासरी किती लांब आहे ते सांगणारा. जुन्या प्रोग्रामच्या वेळी तिथे १च्या आतबाहेर आकडा असायचा. आता तो ४०वर चढायचा, मग शून्य, मग पुन्हा ४०, मग शून्य. मॅडम म्हणाल्या, “ही डिस्क मधे मधे जेवायला जाते का गं?”

डिस्क रिकामी बसत होती, कारण मी तिला बसवत होते. ६४पैकी ६३ निकाल आले तरी चौसष्टाव्यासाठी मी थांबून राहायचे. आणि तो आल्यावर ६४ चेकसम काढत बसायचे. तेवढा वेळ डिस्कच्या हातात एकही काम नाही. चक्कीवाल्याने सांगावं की चाळीतल्या सगळ्यांचं दळून होईपर्यंत कोणी डबा उचलायचा नाही आणि नवा ठेवायचाही नाही, तसलाच प्रकार.

इथे मला तो दहा सेकंदांचा गुणाकार सुचला, आणि गठ्ठ्याचा फायदा कुठून येतोय याकडे मी उलट्या बाजूने बघत होते हे कळलं. आमची डिस्क क्लाउडवरची, म्हणजे खरं तर नेटवर्कपलीकडची. एका छोट्या वाचनाला साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि त्यात माझ्या प्रोग्रामचं काम नाममात्र. पण ती एकाच वेळी बरीच वाचनं हाताळू शकते. मी मात्र तिला आतापर्यंत एक एक करून काम देत होते. जुन्या साटा डिस्कलासुद्धा ३२ कामं एकदम घेता येतात, एनव्हीएमई या नव्या जातीच्या डिस्कच्या तपशिलात तर एका रांगेत ६४ हजारांपर्यंत जागा ठेवलेली आहे. सिस्टम कॉल वाचले हे तोंडी लावणं होतं, जेवण होतं ते डिस्कच्या हातात सतत काम असण्यात.

मग दुसरी आवृत्ती. आता गठ्ठा संपण्याची वाट नाही. जो निकाल येईल तो घ्यायचा, त्या फाइलला पुढच्या पायरीवर ढकलायचं, संपली असेल तर तिच्या जागी नवी घ्यायची. कुठल्याही क्षणी साधारण ६४ कामं ‘हवेत’, म्हणजे दिलेली पण निकाल न आलेली. प्रत्येक फाइलसाठी एक स्लॉट, आणि ही आता उघडते आहे, वाचते आहे की बंद होते आहे हे स्लॉटला माहीत. उघडणं आणि वाचणं एकाच साखळीत जोडून टाकायची सोय आयओ-यूरिंगमध्ये आहे, पण वाचायला फाइलचा नंबर लागतो आणि तो उघडल्याशिवाय कळत नाही. ५.१५पासून त्यावरही तोड आहे, नंबर आधीच राखून ठेवता येतो. मी ते नंतर बघू म्हणून ठेवलं. त्यावर शेवटी येते.

विनंत्या किती साठल्यावर कर्नलला सांगायचं हेही ठरवायचं होतं. प्रत्येक विनंतीला सांगितलं तर गठ्ठा कसला? मी १६ ठरवले. चाचणीसाठी १,००० फायलींची फोल्डर घेतली, प्रोग्राम सुरू केला, आणि तो ९९२वर जाऊन बसला. एरर नाही, सीपीयू शून्य, नुसता बसलेला. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. रात्रीचे साडेदहा वाजले होते. लॅपटॉप बंद करून निघाले, मरोळ नाक्यावरून मेट्रो, घाटकोपरला लोकल.

भांडुप स्टेशनबाहेर पावणेबाराला शेअर रिक्षा उभी होती. आत एक आजोबा, मी दुसरी. रिक्षावाला बाहेर टेकून उभा. “एक सीट येऊ दे मॅडम, लगेच निघतो.” संध्याकाळी सात वाजता हे वाक्य पुरं व्हायच्या आत तिसरा माणूस बसलेला असतो. पावणेबाराला पाच मिनिटं गेली, सात गेली. गाडी येऊन गेली होती, इतक्यात कोणी उतरणारच नव्हतं. आजोबा म्हणाले, “अरे बाबा, आता कोण येतोय? चल, तिसऱ्याचे मी देतो.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. १,००० भागिले १६, बाकी ८. शेवटच्या ८ विनंत्या मी फळीवर मांडल्या होत्या आणि सोळा होण्याची वाट बघत होते. फायली संपल्या होत्या, नवी विनंती येणारच नव्हती, म्हणून कर्नलला कधी सांगितलंच नाही. आणि पलीकडे निकालाची वाट बघणारा कोड न दिलेल्या कामाचा निकाल मागत होता. तिसऱ्याचे पैसे मी दिले, एवढं तरी करायलाच हवं होतं.

दुरुस्ती एका ओळीची. थांबायची वेळ आली की फळीवर जे असेल ते आधी द्यायचं, मग किमान एका निकालासाठी थांबायचं. लिबयूरिंग या आयओ-यूरिंगसाठीच्या लायब्ररीत ‘दे आणि थांब’ हे दोन्ही करणारं एकच फंक्शन तयार आहे. ते वापरलं की १६चा आकडाच निरर्थक होतो. काम जोरात चालू असतं तेव्हा गठ्ठे आपोआप मोठे होतात, कारण एका फेरीत बरेच निकाल आलेले असतात आणि तितक्याच नव्या विनंत्या मांडल्या जातात. शेवटी शेवटी ते आपोआप लहान होतात. साठवण्याचा नियम मी लिहायची गरजच नव्हती.

दुसरी आवृत्ती: २२ मिनिटं. हवेत ८ ठेवले तर ३५च्या आसपास, ३२ ठेवले तर २३, ६४ला २२, २५६ला पण २२. तिथून पुढे क्लाउडवाल्यांनी आमच्या डिस्कला घातलेली सेकंदाला इतकीच वाचनं ही मर्यादा लागत होती. कर्नलचा एक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा धागा, विनंत्यांच्या फळीवर सतत नजर ठेवतो आणि आपल्याला सिस्टम कॉलच करावा लागत नाही, अशी एक सोय आहे, तीही लावून पाहिली. चारपैकी एक कोर पूर्ण त्याने खाल्ला आणि वेळ तेवढाच. काढून टाकली.

मी ती आवृत्ती लावली आणि चार रात्री सगळं व्यवस्थित चाललं असं मला वाटलं. पाचव्या सकाळी फोन.

तीन फायली जुळल्या नाहीत. हाताने चेकसम काढला तर तिन्ही जुळल्या. पुढच्या रात्री एक, तिच्या पुढच्या रात्री पाच, दर वेळी वेगळ्या, आणि सकाळी हाताने बघितल्या की सगळ्या चोख. पहिला संशय मी डिस्कवर घेतला, कारण ती उलट उत्तर देत नाही. मग मशीनच्या रॅमवर. मग, आता सांगायला हरकत नाही, चेकसमची यादी बनवणाऱ्या ज्युनिअरवर. त्या पोराने शांतपणे यादी पुन्हा बनवून दाखवली, शब्दाने काही बोलला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

धागा त्यानेच काढला. म्हणाला, “ताई, नऊच्या नऊ फायली त्याच दिवशी आलेल्या आहेत. जुनी एकपण नाही.” नव्या फायलींचं असं काय वेगळं? रात्री १च्या सुमाराला दुसरा एक स्क्रिप्ट चालतो, इंडेक्सचा. तो त्या दिवशीच्या प्रत्येक नव्या फाइलचं फक्त डोकं वाचतो, पानं किती आणि मोजमाप काय एवढ्यासाठी. म्हणजे नव्या फायलींचा पुढचा भाग कर्नलच्या कॅशमध्ये असतो आणि मागचा नसतो.

मी वाचनाच्या प्रत्येक निकालाचा लॉग चालू केला आणि लाखो ओळींतून वेगळी दिसेल ती ओळ शोधली. सापडली: मागितले ६१,४४०, आले ३२,७६८. मेमरीच्या हिशेबाची बरोबर ८ पानं, कॅशमध्ये होती तेवढी. उरलेली डिस्कवरून आणण्याऐवजी कर्नलने हाताशी होतं तेवढं दिलं होतं. यात त्याची चूक नाही. रीड या वाचायच्या कॉलच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे माहितीपानात, पहिल्यापासून लिहिलेलं आहे की मागितल्यापेक्षा कमी बाइट येणं ही एरर नव्हे. साध्या रीडने साध्या फाइलवर असं सहसा होत नाही, म्हणून आपण ते वाचून विसरतो. आयओ-यूरिंगमध्येही क्वचितच होतं. पण ४० लाखांत क्वचित म्हणजे रोज.

आणि मी ते विसरलेही नव्हते. कमी आलं तर उरलेल्या भागाची नवी विनंती मांडणारा कोड मी लिहिला होता. गडबड त्याच्या खाली, वाचनाचा निकाल हाताळणाऱ्या फंक्शनच्या तळाशी होती. फाइल पूर्ण झाली तरी आणि एरर आली तरी तिचा बफर, म्हणजे वाचलेलं ठेवायची मेमरीतली जागा, परत करायचाच, म्हणून परत करण्याची ओळ सगळ्यांत शेवटी एकदाच लिहिली होती. ‘उरलेलं मागव’ या फांदीनंतर रिटर्न, म्हणजे तिथूनच फंक्शनबाहेर पडायची ओळ, लिहायचा राहिला होता. त्यामुळे उरलेल्या २८,६७२ बाइटची विनंती कर्नलकडे जायची आणि त्याच क्षणी बफरवर ‘रिकामा’ असा शिक्काही बसायचा.

दळणाच्या भाषेत सांगायचं तर अर्धं दळण झालेला डबा चक्कीवर असताना मी तो रिकामा समजून शेजारणीला दिला होता. तिने त्यात ज्वारी घातली. चक्कीवाल्याने आधीच्या चिठ्ठीप्रमाणे उरलेले गहू त्याच डब्यात सोडले.

मग रोज हजारो फायली का बिघडत नव्हत्या? कारण हवेत ६४ विनंत्या असल्या तरी बफर मी २५६ ठेवले होते, आणि ते पाळीपाळीने दिले जायचे. मोकळा झालेला बफर पुन्हा पाळीत यायला पन्नास-साठ मिलिसेकंद लागायचे, आणि उरलेला भाग बहुतेक वेळा त्याआधीच येऊन जायचा. डिस्कने एखाद्या वेळी दम खाल्ला, उरलेला भाग उशिरा आला, तरच दोन घरांचं पीठ एकत्र. जास्तीचे बफर मी सुरक्षिततेसाठी ठेवले होते. त्यांनी चूक लपवायचं काम केलं.

हे सगळं मी आता ओळीने सांगतेय, पण रिटर्न राहिलाय हे नुसतं वाचून मला दिसलं नव्हतं. तो कोड मी वीस वेळा वाचला असेन. शेवटी प्रत्येक बफरला एक छोटा आकडा जोडला. कर्नलकडे विनंती गेली की एक वाढव, निकाल आला की एक कमी कर, आणि बफर कोणाला देताना आकडा शून्य नसेल तर प्रोग्राम तिथल्या तिथे पाड. बफर २५६वरून ६५वर आणले. कॅश रिकामी केली, चाचणीच्या सगळ्या फायलींचं डोकं तेवढं आधी वाचून ठेवलं आणि प्रोग्राम सोडला. चहा आणायला उठले तोच पडला. पडलेल्या जागेवरून बोट ठेवून मागे गेलं की सरळ त्या न लिहिलेल्या रिटर्नपाशी.

तो आकडा आणि ती तपासणी मी काढलेली नाही. वेळेत काही फरक पडत नाही. आणि यूजर डेटातही आता नुसता स्लॉट नंबर नसतो. ३२ बिटांत स्लॉट, उरलेल्या ३२मध्ये तो स्लॉट कितव्यांदा वापरला जातोय तो आकडा. उशिरा आलेला जुना निकाल नव्या फाइलच्या नावावर खपू नये म्हणून. चिठ्ठीवर नावाबरोबर तारीखही.

गोष्ट इथे संपली असती, पण ग्राहकाने सांगितलं की त्यांच्याकडेही एक प्रत आहे, तिचीही तपासणी हीच करा. त्यांच्या सर्व्हरवर, त्यांच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात. तिथे प्रोग्राम पहिल्याच ओळीला थांबला: परवानगी नाही. आयओ-यूरिंग सुरू करण्याचा कॉलच बंद केलेला.

मी त्यांच्या सिस्टमवाल्या गृहस्थांना फोन लावला. बोलायला अतिशय सभ्य, आणि उत्तर ठाम नाही. त्यांचं चूक म्हणता येणार नाही. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की कर्नलमधल्या त्रुटी शोधणाऱ्यांना ते जी बक्षिसं देतात, त्यासाठी आलेल्यांपैकी ६० टक्के हल्ले आयओ-यूरिंगमधून होते. त्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर आणि क्रोमओएसवर ते बंद केलं. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या नेहमीच्या सेकॉम्प यादीतूनही, म्हणजे परवानगी असलेल्या कॉलच्या यादीतूनही, हे कॉल वगळले गेले. कर्नल ६.६मध्ये तर ते पूर्ण बंद करायचं बटणच आलं. कर्नलच्या आत इतक्या प्रकारची कामं एका दारातून होऊ लागली की दारावरच्या पहारेकऱ्याला काय चाललंय ते दिसत नाही, अशी ती तक्रार आहे, आणि मला ती रास्त वाटते.

मग तिथल्यासाठी थ्रेड पूल लिहिला. ३२ थ्रेड, प्रत्येकजण जुन्या पद्धतीने उघड, वाच, बंद कर. ना फळ्या, ना चिठ्ठ्या, ना बफरचा हिशेब, कारण प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा एकच डबा. दीड दिवसात झालं. आमच्या मशीनवर तुलनेसाठी चालवलं: २४ मिनिटं.

स्क्रीनकडे मी बराच वेळ बघत बसले. २२ आणि २४. दीड महिना आणि दीड दिवस.

थोडा विचार केल्यावर आश्चर्य कमी झालं. डिस्कच्या हातात काम सतत हवं होतं, ते ३२ थ्रेडनीही दिलं. शिवाय फाइल उघडण्यासारखं काम कॅशमध्ये नसेल तर आयओ-यूरिंगसुद्धा कर्नलच्या आतल्या कामगार थ्रेडकडे सोपवतं. म्हणजे माझं अर्धं काम आधीपासून थ्रेड पूलच करत होता, फक्त माझ्या नजरेआड. ज्यांची वाचनं मायक्रोसेकंदांत होतात, एका मशीनवर सेकंदाला लाखोंनी होतात, तिथे सिस्टम कॉलचे ते दहा रुपये हजार होतात आणि मग आयओ-यूरिंगला जवाब नाही. डेटाबेसवाले त्याच्या मागे आहेत ते उगाच नाही. आमचं काम त्या जातीचं नव्हतं.

मॅडमना आकडे दाखवले. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “बिघडलं तर रात्री दोन वाजता कोणता कोड तुला झोपेत कळेल?” मी थ्रेडवाला म्हटलं. “मग तो लाव.”

आता दोन्हीकडे थ्रेड पूल चालतो. यादीतल्या चेकसमबाबत ज्युनिअरची माफी मागून झाली, त्याला बाहेरच्या टपरीवरून मिसळ खिलवली. आयओ-यूरिंगचा कोड मुख्य शाखेतून काढला. उघडायच्या आधीच फाइलचा नंबर राखून ठेवायची ती ५.१५मधली युक्ती मी अजून वापरून पाहिलेली नाही. ती लावली तर उघडणं, वाचणं, बंद करणं एका साखळीत जाईल आणि स्लॉटची निम्मी भानगड संपेल. मॅडमनी सांगितलंय की त्याला हात लावायचा नाही. गिटवरची ती शाखा मात्र मी डिलीट केलेली नाही.